‘काहीच खात नाही हो तो’: स्पेशल मुलांच्या जेवणाबद्दल परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याची. माझा मुलगा आता साडेनऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि चार वर्षांचा असताना तो मोजून सहा गोष्टी खायचा: पांढरा पाव, एकाच कंपनीची ग्लुकोज बिस्किटं, साधा डोसा, बटाट्याचे वेफर, दूध आणि सुरय (पांढऱ्या) तांदळाचा कोरडा भात. थेरपीला गेल्यावर बाहेरच्या बाकड्यावर, लग्नात पंगतीत, रात्री फोनवर आया मला तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, आमच्या थेरपिस्टनी शिकवलेलं आणि घरात पाच वर्षं करून बघितलेलं सांगतेय.

हे लाड आहेत की खरंच काही प्रॉब्लेम आहे?

लाड नाहीत. दोन-चार वर्षांचं कुठलंही मूल थोडं चोखंदळ असतंच, आज भेंडी नको म्हणतं आणि पुढच्या आठवड्यात मुकाट खातं. आपल्या मुलांचं तसं नसतं, त्यांची यादी छोटीच असते आणि वर ती आणखी छोटी होत जाते, एकदा सुटलेला पदार्थ परत येत नाही, भाज्या किंवा डाळी असा अख्खा प्रकारच यादीत नसतो, आणि नको असलेली वस्तू ताटात नुसती दिसली तरी रडारड होते. खाण्यातले पदार्थ वीसपेक्षा कमी असले तर थेरपिस्ट लोक ती लक्ष द्यायची खूण मानतात. याला नावसुद्धा आहे, आर्फिड, म्हणजे अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, २०१३ साली डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात) ते आलं, त्यात बारीक व्हायची वगैरे हौस नसते, भीती असते किंवा वास-चव-स्पर्श सहन होत नाही. अर्थात प्रत्येक चोखंदळ मुलाला आर्फिड असतोच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आणि ‘खात नाही’ हे वाक्य सगळ्यांचं एकच असलं तरी कारणं फार वेगळी असतात. ऑटिझम असलेल्या मुलाला वास आणि टेक्श्चर टोचतं. डाऊन सिंड्रोममध्ये तोंडाचे स्नायू सैल असतात, मूल चावून चावून दमतं आणि आपल्याला वाटतं कंटाळलं. सेरेब्रल पाल्सीत गिळणंच अवघड असू शकतं. एडीएचडीच्या काही औषधांनी दुपारची भूक मरते, मग नाश्ता औषधाच्या आधी पोटभर द्यायचा आणि रात्री परत भूक लागते तेव्हा वाढायचं, एवढ्यानेही कित्येक घरातली भांडणं मिटतात. म्हणून ‘कसं खायला घालू’ विचारायच्या आधी ‘का खात नाही’ ते शोधा प्लीज, मला हे दोन वर्षं उशिरा कळलं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल, पाणी पिताना दर वेळी ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओला घरघरता होतो, छातीचा कफ परत परत होतो, उलट्या होतात, गिळताना दुखल्यासारखं तोंड करतो, तर थांबू नका, घरचे प्रयोग बंद करून आधी गिळण्याची तपासणी. हिरड्यांतून रक्त येतंय आणि मूल पाय दुखतात म्हणून चालायला नको म्हणतंय, तर व्हिटॅमिन सी कमी पडलेलं असू शकतं, फळ-भाजी अजिबात न खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या केसेस आहेत, जुन्या काळचा आजार म्हणून सोडून देऊ नका. माती, खडू, भिंतीचा रंग खात असेल तर आयर्न बघून घ्या.

दोन गोष्टी सगळे विसरतात, दात आणि बद्धकोष्ठता. पोट साफ नसेल तर भूक लागतच नाही, आणि किडलेला दात दुखतोय हे न बोलणारं मूल सांगणार कसं, ते फक्त ताट ढकलतं. आमच्याकडे किडलेली दाढ काढली त्याच महिन्यात त्याने डोशाची कडक कड परत खायला घेतली.

सासूबाई म्हणतात उपाशी ठेव, भूक लागली की खाईल झक मारत.

मी ठेवलं होतं. शनिवारी सकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत समोर वरण-भात आणि बटाट्याची भाजी, दुसरं काही नाही. तो ताटाकडे आलाच नाही, पाणी पण कमी प्यायला, रविवारी चार वाजता भिंतीला टेकून बसला होता आणि ओठ सुकलेले. ते मी विसरणार नाही. साध्या चोखंदळ मुलावर ही ट्रिक कधी चालतही असेल, पण आपल्या काही मुलांना भूक लागल्याची जाणीवच नीट होत नाही आणि ज्याला ते अन्न म्हणून बघतच नाहीत ते भुकेने अन्न होत नाही. उपाशी ठेवू नका, आणि हात धरून तोंडात कोंबू नका.

आज्यांवर रागावू नका मात्र. माझ्या सासूबाईंनी पाच पोरं वाढवली, त्यांना नातू सुकतोय हे बघवत नव्हतं. मी त्यांना एकदा थेरपिस्टकडे सोबत घेऊन गेले, आणि आज त्याच्यासाठी कापां (रवा लावलेले काप) भाजणारी बाई त्याच आहेत.

मग सुरुवात कुठून करू?

आधी वहीत सात दिवस सगळं लिहा, काय खाल्लं, किती, किती वाजता, गरम की गार, कुरकुरीत की मऊ, कुठल्या रंगाचं. मी लिहिलं तेव्हा दिसलं की माझ्या मुलाचे सहाही पदार्थ पांढरे-पिवळट आहेत, दूध सोडून सगळे कोरडे आहेत, आणि ताटात एकमेकांना लागलेलं काहीच नाही. म्हणजे त्याला नियम आहे, मनमानी नाही.

मग दिवसभराचं चरणं बंद. वेफर-बिस्किट-दूध असं तासातासाला चालू असेल तर जेवणाला भूक उरणार कुठून. दोन-अडीच तासांचं अंतर, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि प्रत्येक जेवणात त्याच्या यादीतली निदान एक वस्तू हवीच म्हणजे तो पोट भरू शकतो. काय द्यायचं, कधी आणि कुठे हे आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे त्याने. हा दुसरा भाग आपल्याला सगळ्यात जड जातो.

नवीन पदार्थ सरळ तोंडात जात नसतो, त्याच्या पायऱ्या असतात. एकाच खोलीत चालतो, मग टेबलावर चालतो, मग ताटाच्या कडेला, मग चमच्याने हलवला, बोटाने शिवला, नाकाशी नेला, ओठाला लावला, चाटला, चावून थुंकला, आणि सगळ्यात शेवटी गिळला. थुंकायला वाटी शेजारी ठेवा, थुंकायची मोकळीक असली की मूल तोंडात घालायला धजतं. उकड्या तांदळाच्या भाताचं आमचं असं झालं: एक शीत. खरंच एकच शीत, जाड, तांबूस, ताटाच्या कडेला, त्याच्या पांढऱ्या भातापासून चार बोटं लांब. पहिले आठ-नऊ दिवस तो ते बोटाच्या नखाने ताटाबाहेर ढकलायचा. मग एके दिवशी ढकललं नाही. मग एकदा अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चिरडलं, बघितलं की आत पांढरंच आहे, आणि हात माझ्या पदराला पुसला. मी काही बोलले नाही, शाबास पण नाही, आमच्या ओटीने (ऑक्युपेशनल थेरपिस्टने) सांगितलं होतं की सगळ्यांनी एकदम बघितलं की तो मिटतो. तोंडात गेलं पाचव्या महिन्यात.

किती वेळा द्यायचं? मी तीनदा दिलं, नको म्हणाला.

तीनदा म्हणजे काहीच नाही. साध्या मुलांनासुद्धा एखादी चव आवडायला आठ-दहा, पंधरा वेळा समोर यावी लागते, आपल्या मुलांना त्याहून किती तरी जास्त. मात्र प्रमाण मटाराच्या दाण्याएवढं ठेवा, वाटीभर वाढून मग फेकायला लागलं की आपलाच जीव जळतो आणि तो आपल्या तोंडावर दिसतो.

तो फक्त वेफर / फक्त पाव खातो. त्यातून पुढे कसं नेऊ?

याला थेरपिस्ट फूड चेनिंग म्हणतात, म्हणजे जे खातो त्याला एका बाजूने चिकटलेलं पुढचं शोधायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि गोव्यात यासाठी इतकं छान सामान आहे! आमची साखळी अशी गेली: बटाट्याचे वेफर, मग केळ्याचे वेफर, मग घरी अगदी पातळ कापून रवा लावून भाजलेली बटाट्याची कापां, मग तीच जरा जाड, मग नीरफणसाची, मग सुरणाची, आणि त्याच रव्यात, त्याच तव्यावर, त्याच आकाराचा इसवणाचा (सुरमईचा) तुकडा. वेफर ते इसवण, एक वर्ष दोन महिने. वांग्यावर अडलो, वांगं आतून बुळबुळीत लागतं, ते सोडून दिलं.

पावाचं पण होतं. साधा पाव, मग कातरे पाव, मग उंडो म्हणजे गोल पाव ज्याची कड कडक असते, मग कोंडा लावलेली पोई. पोईचा कोंडा खरखरतो म्हणून पहिले कित्येक दिवस आम्ही कोंडा झटकून दिला. पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत आला की मुलगा कान झाकायचा, मग बाबा त्याला घेऊन गेटवर आधीच उभे राहायला लागले, पोदेरबाब लांबूनच भोंगा बंद करून यायचा आणि पिशवीत पाव त्यालाच घालू द्यायचा. ज्या वस्तूला हात लावून ती आपण घरात आणली तिची भीती कमी होते हे मी तेव्हा बघितलं.

कोरडा पाव तोंडात गोळा होऊन घशात अडकू शकतो, ज्यांना चावता येत नाही अशा मुलांना बोटाएवढ्या पातळ पट्ट्या द्या आणि समोर बसून राहा.

निदान पेज तरी खायला हवी ना, किती हलकी असते?

सगळ्या गोंयकारांना हेच वाटतं, मलाही वाटायचं. पण पेज म्हणजे पातळ पाण्यात घट्ट शितं, एकाच घासात दोन टेक्श्चर, पाणी गिळायचं आणि शीत चावायचं हे एकदम करावं लागतं, ते तोंडाला सगळ्यात कठीण काम. ज्यांना गिळायचा त्रास आहे त्यांना तर ठसका हमखास. आमच्या आजाऱ्याला, तान्ह्याला, म्हाताऱ्याला सगळ्यांना पेज देतात म्हणून ती सोपी, असं धरून चालू नका. वरचं पाणी वेगळं आणि शितं मऊ मळून वेगळी, असं देऊन बघा. तेच खतखत्याचं (अनेक भाज्यांच्या रश्शाचं), तेच पातळ भाजीचं, रस आणि फोड सुटी वाढली की काही मुलं फोड खातात.

भाजी डोशात लपवून घातली तर काय बिघडलं?

मी गाजर घातलं होतं, किसून, एकदम थोडं. त्याने तिसऱ्या घासाला डोसा उलटा केला, उजेडाकडे धरला, नारिंगी ठिपका बघितला आणि ताटात ठेवला. त्यानंतर आठ महिने डोसा बंद. सहातले पाच उरले. ज्याच्याकडे मोजकेच भरवशाचे पदार्थ आहेत त्याच्या भरवशाच्या पदार्थात कधीही काही लपवू नका, हे मी हात जोडून सांगते. घालायचंच असेल तर त्याच्या डोळ्यांसमोर, त्याला चमचा देऊन घाला, आणि न घातलेला डोसा बाजूला असू द्या.

मोबाईल लावला की पटापट खातो, चालेल ना?

आजारपणात, प्रवासात, जीव अगदी मेटाकुटीला आलाय तेव्हा लावा, मी पण लावलाय, त्याचा गिल्ट घेऊ नका. पण मोबाईल बघत गिळणारं मूल खायला शिकत नाही, तोंड नुसतं उघडतं, काय खाल्लं ते त्याला कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. एकदम काढू नका, शेवटची पाच मिनिटं बंद, मग दहा. आणि ज्याला गिळायचा त्रास आहे त्याला मोबाईलवर बिलकुल भरवू नका.

खाल्लंस तर चॉकलेट देईन, असं सांगू का?

नको. चॉकलेट आणखी मोठं होतं आणि भाजी शिक्षा होते. शिवल्याबद्दल स्टिकर, फुगा, झोपाळ्यावर दहा झोके, असलं खाण्याबाहेरचं काही मुलांना चालतं, पण ते थेरपिस्टला विचारून.

बसवायचं कसं?

हा प्रश्न कमी विचारतात आणि फरक सगळ्यात लवकर इथे पडतो. पाय लोंबकळत असतील तर मुलाची सगळी ताकद अंग सावरण्यात जाते, तोंडासाठी उरत नाही. पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलं टेकलेली, पायाखाली पाट ठेवा, आम्ही देवघरातला जुना पाट धुऊन वापरला. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला मान मागे टाकून, आडवं धरून कधीच भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न हे लहान मुलांना आणि चावता न येणाऱ्या मोठ्यांनाही नको.

मासळीच्या वासानेच घरातून पळतो.

गार अन्नाला वास कमी येतो, म्हणून त्याचं ताट जरा निवल्यावर वाढा, आणि तळण होतं तेव्हा त्याला स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत किंवा अंगणात बसवा. आम्ही टेबलावर बसायची सवय श्रावणात लावली, महिनाभर सगळं शिवराक (शाकाहारी), घरात हुमणाचा (माशांच्या आमटीचा) वास नाही, तेव्हा तो पहिल्यांदा आमच्यासोबत दहा मिनिटं बसला. मासे सुरू करताना इसवणासारखा कमी काट्यांचा घ्या, बांगडा-तारल्यांना बारीक काटे, एक काटा टोचला की दोन वर्षं मागे जाल. आणि मासे नाहीच खाल्ले तर नाही, अंडं आहे, अळसाणे (चवळी) आहेत, मूग आहेत.

दुधावर जगतो, निदान दूध तरी पोटात जातंय ना?

दिवसाला साधारण अर्धा लिटरच्या वर दूध गेलं की भूक मरते आणि आयर्न कमी पडायला लागतं. चहा-पाव तर अजून वाईट, जेवणासोबतचा चहा आयर्न अंगाला लागू देत नाही, उलट लिंबू पिळलं तर जास्त लागतं. दूध एकदम तोडू नका, रोज थोडं कमी करा आणि जेवणानंतर द्या. टॉनिक, गोळ्या रक्त तपासून डॉक्टर देतील तेव्हाच.

ग्लूटेन-फ्री, दूध-फ्री केलं तर ऑटिझम बरा होतो म्हणे?

त्याने ऑटिझम बरा होतो याचा भक्कम पुरावा नाही. सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न चालणारा आजार) असेल तर ग्लूटेन बंद करावंच लागतं, डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये सिलिॲक जास्त दिसतो म्हणून तपासून घ्या, पण टेस्ट करायच्या आधीच गहू बंद केला तर टेस्ट चुकीची येते. ज्याच्या यादीत सहाच पदार्थ आहेत त्याचा पाव आणि दूध काढून घेतलं तर उरलं काय?

चवथीला (गणेश चतुर्थीला), लग्नात सगळे येऊन सांगतात, ‘अगं एक घास तर दे त्याला’.

त्याचा डबा बरोबर न्या आणि लाजू नका. मी एकच वाक्य पाठ केलंय, ‘डॉक्टरांनी सांगितलंय, तो त्याच्या वेळेला खाईल’, त्यावर कुणी वाद घालत नाही.

पण चवथ वाया घालवू नका, कारण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-भाज्यांची चौकट! वर्षातून एकदा घरात इतकी फळं-भाज्या टांगलेल्या असतात आणि कुणीही त्या खा म्हणत नाही. माटोळी बांधताना आम्ही त्याला वस्तू द्यायचं काम दिलं, नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं, चिबूड, आंबाडे, तोरिंग, केळ्यांचा घड. तोरिंगाची साल त्याने इतक्या वेळा गालाला घासली की काकांना थांबावं लागलं. पाच दिवस वर बघत झोपायचा. विसर्जनानंतर चिबूड कापला तेव्हा तो स्वतः जवळ आला आणि बी उचलून चाटली.

शाळेच्या डब्याचं काय?

डब्यात फक्त भरवशाचं द्या, शाळा हे प्रयोगाचं ठिकाण नाही, तिथे आवाज आणि वास आधीच भरपूर. एका शाळेत ताईंनी प्रेमानेच पण जबरदस्तीने उसळ भरवली होती आणि मग दोन आठवडे तो गेटवरच बसून राहिला, म्हणून आता मी वर्षाच्या सुरुवातीला एक कागद लिहून देते, काय खातो, काय नको, घशात अडकलं तर काय करायचं.

गोव्यात दाखवायचं कुणाला आणि खर्च?

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बालरोग विभागात आधी दाखवा, वजन-उंची-रक्त तिथे होईल. पर्वरीला सेतू ही संस्था आहे, मुलांच्या विकासावरच काम करतात. गिळणं आणि चावणं हे स्पीच थेरपिस्टचं काम, स्पर्श-वास-बसणं हे ओटीचं, खूप जणांना वाटतं स्पीच म्हणजे फक्त बोलणं. खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बघा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांना वर्षाला 1 लाखापर्यंतचं कव्हर आहे, त्यात थेरपीचेही पैसे काही मर्यादेत मिळतात, दिव्यांगत्वाचा दाखला मात्र लागतो.

तुमचा मुलगा आता काय काय खातो?

वहीत तेवीस पदार्थ आहेत. डोसा परत आला. उकडा भात खातो, पण कोरडाच. केळं खातो, मानकुराद आंब्याचा फक्त वास घेतो. तांबडी भाजी अजून ताटाच्या कडेलाच आहे, तिचा रंग भाताला लागतो ते त्याला आवडत नाही म्हणून वेगळ्या छोट्या वाटीत ठेवते. गेल्या रविवारी त्याने सोलकढीत करंगळी बुडवली, गुलाबी झालेलं नख बराच वेळ बघितलं आणि आजीला दाखवायला घेऊन गेला. चाटलं नाही.